ब्रेक, ब्रेकडाउन अन् एक लाल टॅग

इंग्रजीले लाज नाही, हे माझं जुनं मत हाय. एकच शब्द घेते अन् घरातल्या मोठ्या सुनेवानी त्याले सगळ्या कामाले जुंपते. आमच्या रेणूनं त्या दिवशी फळ्यावर 'ब्रेक' लिहिलं, तेव्हाच मी मनात म्हटलं, गेली आजची दुपार.

रेणू आमची एकुलती एक पोट्टी. रिसालीच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत बायायचा इंग्लिश बोलायचा क्लास घेते. मी त्यात बसते, पण शिकाले नाही. नवीन बाई चौकशीले आली तर खोली भरलेली दिसली पायजे, म्हणून बसते. साडीच्या दुकानात बाहुली उभी करतात न, तशी.

"ब्रेक म्हणजे काय?" रेणूनं विचारलं.

"गाडीचा!" मी म्हटलं. येवढं मलेही येते.

"तुटणं," शेजारची ललिता म्हणाली. मागून कोणीतरी "छुट्टी" म्हटलं.

मंग काय, रेणू सुटली. उपास सोडला तर ब्रेक, कायदा मोडला तर ब्रेक, बर्फ फोडला तर म्हणे अनोळखी माणसं बोलाले लागतात. बातमीही फोडतात म्हणे. अवो, बातमी काय नारळ हाय? अन् नाटकात उतरणाऱ्याले 'पाय मोड' म्हणतात, त्यानं तो आशीर्वाद समजायचा! आमच्या गावाकडं असा आशीर्वाद कोणी दिला असता, तर देणाऱ्याचाच पाय जागेवर राहिला नसता.

शेवटी रेणूनं एक लांबलचक वाक्य लिहिलं अन् आमच्याकडं पाठ ठेवूनच वाचलं.  ललितानं माझ्याकडं पाह्यलं, मंग चटईकडं. मी आपली मान हलवली, सगळं समजल्यावानी. क्लासात माझं तेच काम असते.

बाया गेल्या अन् ललिता चप्पल विसरल्याचं निमित्त करून माघारी आली.

"वहिनी, तुम्हाले माहीत होतं का हे?"

"काय?"

"रेणूनं लिहिलं ते. 'मी माझं ठरलेलं लग्न मोडलं, अन् घरी ही बातमी कशी फोडावी ते मले समजून नाही राहिलं.'"

घ्या! सगळ्या गल्लीले समजलं, एक माय सोडून.

दुर्गचा मोहित, आमचा होणारा जावई. साक्षगंध झालं होतं, पत्रिका छापून दिवाणावर गठ्ठा पडला होता, रविवारपासून वाटायच्या होत्या. मी स्वयंपाकघरात रेणूले धरलं. "कावून मोडलं?"

"तो म्हणते, लग्न झालं की क्लास बंद. घरात बाया जमवणं त्याच्या आईले पसंत नाही. मी म्हटलं, मंग मले लग्न पसंत नाही."

मले राग आला. अन् खरं सांगू, आतून बरंही वाटलं. पण मायनं असं बोलायचं नसते, म्हणून मी नुसती रागावली.

"आई, बाबाले तू सांग न."

"मी कावून? लिही फळ्यावर."

पण सांगितलं मीच. आमचे हे, तेजराम, पोलादाच्या प्लांटमध्ये, मिलच्या मेंटेनन्सले होते. सारी जिंदगी ब्रेकडाउनवर गेली. क्वार्टरसमोर जीपचा हॉर्न वाजला की हातातला घास ताटात टाकून पळत. रिटायर झाले तरी दोन गोष्टी सुटल्या नाही. एक म्हणजे, ब्रेकडाउन आला की पहिले चालू करा, कावून झालं ते मंग पाहू. अन् दुसरी, लाल टॅगची. मशीन बंद करून माणूस आत उतरला, की स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावते. ज्याचा टॅग, त्यानंच काढायचा. मोठा साहेब आला तरी हात लावत नाही, कारण आत माणूस असते. ही गोष्ट साक्षगंधाच्या पंगतीत मोहितच्या बापालेही ऐकवली होती, जिलबी वाढता वाढता.

यायनं माझं ऐकलं, एक शब्द विचारला नाही. बूट घातले, स्कूटरची चाबी घेतली.

"कुठं निघाले?"

"ब्रेकडाउन अटेंड करून येतो."

संध्याकाळी आले ते मोहितच्या बापाले, जानरावले, मागं बसवूनच. चेहरा असा, जशी बंद मिल सुरू केली. "चालू झालं!" दारातूनच म्हणाले. "जानराव मोठ्या मनाचे. हप्त्यातून दोन दिवस क्लास घेऊ देतो म्हणतात. इथं, आपल्याच घरी येऊन."

"आमी काही जुन्या विचाराचे नाही," जानराव दिवाणावर टेकत म्हणाले. "पोरीले एखादा शौक तर असतेच."

शौक! मी हातातला कप बशीत आपटला.

 रेणू उठून मागच्या खोलीत गेली. मले वाटलं, रडाले गेली. पण बाबाच्या प्लांटमधल्या जुन्या पेटीचा खडखडाट ऐकू आला. बाहेर आली ती लाल टॅग घेऊन. फळ्याच्या मार्करनं त्यावर आपलं नाव लिहिलं, पत्रिकांच्या गठ्ठ्याले दोरीनं बांधला अन् बाजूले जाऊन बसली.

जानराव हसले. "हे काय नवीन, बेटा?" अन् टॅग सोडवाले हात पुढं केला.

"हात लावू नका!"

हे ओरडले. तो घरातला आवाज नव्हता, मिलमधला होता. जानरावचा हात तिथंच थांबला. मीही जागच्या जागी उभी. ओरडून झाल्यावर यायले समजलं, आपण काय बोललो अन् कोणासाठी. टॅगवरचं नाव वाचलं. मंग पुन्हा वाचलं.

"मंग तुम्ही काढा न," जानराव म्हणाले. "पोरगी तुमची, घर तुमचं."

हे गठ्ठ्याकडं पाहत राहिले. 

"मले नाही काढता येत, जानराव," ते म्हणाले. "आत माणूस हाय."

जानराव चहा न पिता गेले. स्कूटरनं सोडून देतो म्हटलं तर ऑटो केला. दुर्गात आता काय काय सांगतील, ते सांगोत बाप्पा.

दार लावून हे आले अन् खाली चटईवर बसले, बरोबर माझ्या जागेवर. सगळ्या जिंदगीत पहिल्यांदा काही चालू न करता विचारलं, "कावून झालं, बेटा?"

रेणूनं सगळं मराठीत सांगितलं. या खेपेस ललिताची गरज पडली नाही.