सिलतऱ्याचा नेपच्यून

दिवेलागण झाली की नाना विचारायचे, पियुष आला नाही का अजून. आणि मी सांगायची की नाना, पियुष गेला, सिलतऱ्याच्या कारखान्यात गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. मग ते रडायचे. रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे, कारण त्यांच्यापुरतं ते रोज पहिल्यांदाच असायचं. दुसऱ्या दिवशी दिवा लावला की पुन्हा तेच.

शेजारच्या अंजनाबाईंना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जायचं. एकदा त्या पदर खोचून आल्याच. म्हणाल्या, "काहून रडवते वो बाई म्हाताऱ्याले? सांगून दे ना, ड्युटीवर आहे म्हणून."

मी त्यांना म्हटलं की मला खोटं बोलता येत नाही. ही खोड नानांनीच लावलेली, आता त्यांनीच भोगावी. बोलणं कडू होतं, पण मीही थकले होते. दिवसभर नव्या राजधानीतल्या ऑफिसात फायली पुढे ढकलायच्या, बसमध्ये हाडं खिळखिळी करून जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यात परत यायचं, आणि आल्याआल्या भावाच्या मरणाची बातमी द्यायची. मला एवढंच हवं होतं की नानांनी विचारणं बंद करावं. देवाजवळसुद्धा मी दुसरं काही मागत नव्हते.

नाना म्हणजे आमचे वडील, श्यामकांत मास्तर. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परतीची वाट विसरले. नाना पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे. ते मराठीत विचारायचे आणि पोरं हिंदीत उत्तर द्यायची, आणि त्या पोरांचा पुढारी आमचा पियुष. नाना घरीही मास्तरच असल्यामुळे त्याची कुठेच सुटका नव्हती.

आमचं राज्य वेगळं होऊन एक वर्ष झालं तेव्हा शाळेत मोठा कार्यक्रम ठरला. इतर मास्तरांनी नाच बसवले. नानांनी सूर्यमाला बसवली, आणि तीही स्टेजवर नाही, रायपूरभर. शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर दोन पुरुष उंचीचं पिवळं वर्तुळ रंगवलं, तो सूर्य. मग गोल बाजारात जाऊन त्याच मापाचे ग्रह विकत आणले. बुध म्हणजे काबुली चणा. शुक्र आणि पृथ्वी ही दोन लिंबं, शुक्राचं जरा लहान. मंगळ म्हणजे बोर. गुरू म्हणजे पाण्याचा माठ, शनी म्हणजे त्याहून थोडा लहान माठ आणि त्याच्याभोवती बांबूचं कडं. युरेनस आणि नेपच्यून म्हणजे दोन नारळ. आई म्हणाली, हे विज्ञान आहे की सत्यनारायण.

पोरांना खरी मजा अंतराची वाटली. बुध कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यापाशी, शुक्र त्याच्यापुढे चार दुकानं टाकून, पृथ्वी शारदा चौकात, मंगळ जयस्तंभावर. इथपर्यंत सगळे हाकेच्या अंतरावर. मग एकदम गुरू स्टेशनजवळ, शनी फाफाडीहच्या पुढे खमतराईला, युरेनस बिरगावला आणि नेपच्यून पार सिलतऱ्याला. प्लुटो धरसींवाच्याही पलीकडे जात होता. तेवढं भाडं शाळा देणार नव्हती, म्हणून नानांनी प्लुटो काढून टाकला. पुढे जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनीही त्याला ग्रहांतून काढला, तेव्हा नाना पेपर आपटून म्हणाले की हे काम आपण पाच वर्षं आधीच केलं होतं.

आणि उजेड म्हणजे स्वतः नाना. सूर्याचा उजेड पृथ्वीवर पोचायला आठ मिनिटं लागतात आणि नेपच्यूनवर पोचायला चार तास. नानांच्या मापात त्याचा हिशोब असा निघाला, की म्हातारा माणूस थांबत थांबत भाजी आणायला जातो, त्या चालीने उजेड चालतो. ते स्वतः भिंतीपासून निघून, त्या चालीने, एकेका ग्रहापाशी जाणार होते. पोरांना एकच ताकीद होती: मी पोचेपर्यंत जागा सोडायची नाही. मी आलो, ग्रह माझ्या पिशवीत टाकला आणि मी सुट्टी म्हटलं, की घरी जायचं.

नेपच्यूनवर पोर पाठवायला कोणाचेच आईबाप तयार होईनात, तेव्हा नानांनी पियुषला पाठवलं. बारा वर्षांचा होता. मी कॉलेजात होते, मी म्हटलं मी जाते बरोबर, पण नाना म्हणाले की नेपच्यून एकटाच असतो.

नाना निघाले. चौकाचौकात लोक त्यांच्याकडे बघून हसत होते. ते शनीपर्यंत पोचले आणि मागून हेडमास्तरांचा स्कूटरवाला आला. पाहुणे लवकर आले होते, सगळ्या मास्तरांना बोलावलं होतं. नाना स्कूटरवर बसून परत गेले. हारतुरे, भाषणं, पेढे. बिरगावची पोरगी कंटाळून टेम्पोत बसून केव्हाच घरी गेली. नानांना पियुष आठवला तेव्हा ऊन उतरलं होतं. ते पोचले, तर कारखान्यांच्या धुरात, रस्त्याकडेच्या पळसाखाली, काळ्या पडलेल्या तोंडाने तो नारळ पोटाशी धरून उभा. बसलासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला नानांनी त्याला सगळ्या शाळेपुढे उभं केलं. म्हणाले, बघा, ग्रह असा असतो, तो आपली जागा सोडत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई आठवडाभर नानांशी बोलली नाही.

पियुष मोठा झाला आणि नेमका सिलतऱ्यालाच फिटर म्हणून लागला. आई तेव्हा नव्हती, बरंच झालं. एका दिवशी भट्टीत काहीतरी अडकलं. साहेब त्याला म्हणाला, इथंच उभा राहा, मी येतो, आणि गेला. भट्टी गरजायला लागली तेव्हा सगळे पळाले. तेराव्याला त्याच्या जोडीचा एक फिटर आमच्याकडे आला होता. नानांच्या पायाशी बसून तो म्हणाला, "बाबूजी, हम लोग चिल्लाए, भाग. वो बोला, रुकने को बोला है."

त्या दिवसानंतर नानांनी कोणाला ग्रह शिकवले नाहीत. रस्ता रुंद करताना शाळेची ती भिंत पाडली, पिवळ्या विटा दोन दिवस रस्त्यात पडून होत्या, तेव्हाही ते बघायला गेले नाहीत. मग हळूहळू एकेक गोष्ट विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आई गेल्याचं, आणि मग पियुष गेल्याचं.

यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तीळ भाजत होते. कढई उतरवून नानांना चहा द्यायला गेले, तर दार उघडं आणि खाट रिकामी. खुंटीवरची कापडी पिशवीही नव्हती. मी अंजनाबाईंकडे पाहिलं, गोल बाजार पालथा घातला, देवळं पाहिली. चौकीतला हवालदार म्हणाला की म्हातारी माणसं एक तर देवळात सापडतात नाही तर स्टेशनवर, म्हणून मी स्टेशन गाठलं. तोवर सकाळ सरून गेली होती.

स्टेशनसमोर नत्थूचा पानठेला आहे. नत्थू नानांचा विद्यार्थी. त्या कार्यक्रमात तोच गुरू होता, कारण वर्गात माठ सांभाळण्याजोगा तोच एक अंगापिंडाने होता. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "दीदी, सर तर सकाळीच गेले इथून. मले पाहून म्हणे, नत्थू, जागा नाही सोडली, शाबास. मी म्हटलं बसा सर, चाय घ्या. तर म्हणे, उजेड थांबत नसतो."

मी तिथल्याच स्टुलावर बसले. कार्यक्रमाच्या दिवशी उजेड शनीपर्यंतच गेला होता. पुढचं राहिलं होतं.

नत्थूने ठेला बंद केला आणि मोटारसायकल काढली. खमतराईला नाना नव्हते. बिरगावला नव्हते. झाडांची पानं काळी व्हायला लागली, ट्रकांची रांग लागली. या वयात एवढं चालणं शक्य नाही असं नत्थू मला दोनदा म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू गाडी चालव.

सिलतऱ्याला तो पळस आता नाही. तिथे ट्रकांचा अड्डा आहे, पंक्चरचं दुकान आहे, एक छोटं मारुतीचं देऊळ आहे. त्या दुकानाशेजारी नाना उभे होते. कानटोपी धुळीने काळी, एका चपलेचा अंगठा तुटलेला, पाय सुजलेले. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं तोंड ते निरखून बघत होते.

मी त्यांचा हात धरला. ते माझ्यावरच चिडले.

"तू काहून आली इथं? तो पोट्टा कुठं गेला?"

"कोण, नाना?"

"पियुष. इथंच उभं केलं होतं मी त्याले. म्हटलं होतं, मी येईपर्यंत हलू नको. तो हलत नाही मंजिरी. मी सांगितल्याशिवाय तो हलत नाही." ते पुन्हा फाटकाकडे वळले. "मले उशीर झाला."

रोजचं वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. रोज रोज म्हणून ते इतकं घोटलं गेलं होतं की झोपेतही म्हणता आलं असतं. पण ते बाहेर पडलं नाही. त्या जागी, त्या फाटकासमोर, ते मला म्हणवलंच नाही.

मारुतीपुढे एक बाई हारफुलं घेऊन बसली होती. मी तिच्याकडून एक नारळ घेतला आणि नानांच्या हातात दिला.

म्हटलं, "नाना, पियुषला मी घरी पाठवलं. त्याने तुमचा ग्रह परत दिलाय."

त्यांनी नारळ दोन्ही हातांत धरला. वजन पाहिलं, कानाशी नेऊन हलवला, पुसला आणि पिशवीत टाकला.

"घाबरला होता?"

"नाही."

"उपाशी असन."

"घरी जाऊन जेवला असेल, नाना."

त्यांनी कारखान्याच्या धुराड्यांकडे पाहिलं. मग वर्गातल्या त्यांच्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाले, "सुट्टी." पंक्चरवाला पोरगा हातातलं काम थांबवून बघायला लागला. नत्थूने पाठ फिरवली. मी भर रस्त्यात, ट्रकवाल्यांसमोर रडले, पियुष गेला तेव्हाही रडले नव्हते इतकी रडले. नाना मला म्हणाले की रडू नको, आता सगळे घरी गेले.

आम्ही दोघं ऑटोने परतलो, नत्थू मागून मोटारसायकलवर. नाना माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले.

त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि वाट पाहत बसले. नानांनी तिळाचा लाडू मागितला, खाल्ला, आणखी अर्धा मागितला. विचारलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. अंजनाबाई म्हणाल्या, बघ, मी सांगत नव्हते, कसे शांत झाले ते. मला हवं होतं ते मिळालं होतं. मी आठवडाभर गाढ झोपले.

मग मला उमगायला लागलं. पाऱ्यात पियुषचं नाव आता कोणी काढत नाही, लोकांना वाटतं मला दुखेल. ऑफिसात कोणाला माहीतच नाही की मला भाऊ होता. रोज, न चुकता, त्याची वाट बघणारं एकच माणूस या जगात होतं, आणि त्याची वाट बघणं मी एका नारळावर संपवून आले होते. दिवेलागणीला घर इतकं गप्प व्हायचं की मी उगाच भांडी वाजवायची.

शेवटी काल मलाच राहवलं नाही. दिवा लावला, नानांजवळ बसले आणि विचारलं, "नाना, पियुष आला नाही का अजून?"

"कोण पियुष?"

मी सांगितलं. पळसाखाली नारळ धरून उभं राहिल्यापासून ते भट्टीपर्यंत, सगळं सांगितलं. शिकवताना एखादं पोर चांगलं उत्तर देत असलं की ऐकायचे, तसं त्यांनी मन लावून ऐकलं. रडले नाहीत. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "बिचारा पोट्टा. घरी कोण कोण आहे त्याच्या?"