एकदाही नाही

खरेदीच्या मीटिंगला जायचं म्हणजे आधी चपला बदलायच्या. डायलिसिस युनिटमधल्या माझ्या रबरी चपला मोठ्या साहेबांच्या गालिच्यावर शोभत नाहीत. मी दरवर्षी बदलते, दरवर्षी साहेब गोड बोलून माझ्या तोंडाला पानं पुसतात, आणि मी परत येऊन त्याच रबरी चपलांत पाय घालते. एवढ्या वर्षांत त्याचं वाईट वाटायचंही बंद झालं होतं. यंदा मात्र माझा जीव त्यात अडकला होता.

वहिनीच्या किडन्या गेल्या. आमच्याकडे जागा नाही, सगळी मशीनं तिन्ही पाळ्यांत भरलेली. म्हणून दादा तिला आठवड्यातून तीनदा पलीकडच्या शहरात नेतो. जाताना ती पुढे बसते, येताना मागच्या सीटवर आडवी होते. गेल्या महिन्यात परतताना दादाला डुलकी लागली आणि गाडी पुलाच्या कठड्याला घासली. कुणाला काही झालं नाही, फक्त एक दार चेपलं. तेव्हापासून त्याचा फोन आला की मी हातातलं काम टाकून उचलते. आम्हाला दोन नवी मशीनं मिळाली तर थांबलेले सगळे पेशंट आत येतील, आणि वहिनीला घरापासून चालत येता येईल. मला वशिला लावायचा नव्हता. तिचा नंबर तसाही आलाच असता.

साहेबांच्या टेबलावर कागदाची इवलीशी होडी ठेवली होती. मागच्या आठवड्यात ऑपरेशनचा रोबो दाखवायला आणला होता, तेव्हा कंपनीच्या माणसाने त्याच्या चिमट्यांनी ती करून दाखवली. सगळ्या डॉक्टरांनी मोबाइल काढून शूटिंग केलं. मीही तोंड वासून बघत होते, उगाच खोटं कशाला बोलू?

सर्जन आधी बोलला. तरुण आहे, हुशार आहे, आणि घाईत असतो. "शेजारच्या हॉस्पिटलात रोबो आलाय. माझे पेशंट तिकडे जातायत. लहान छेद, कमी रक्तस्राव, माणूस लवकर घरी जातो. आपण घेतला नाही तर मलाही विचार करावा लागेल." शेवटचं वाक्य त्याने हळू आवाजात म्हटलं, पण साहेबांच्या कानात बरोबर गेलं. तो काही थापा मारत नव्हता. त्याच्याही पेशंटना दुखतंच की.

मग माझी पाळी आली. मी काय काय जुनं झालंय ते सांगितलं. अकाउंट्सच्या मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"सिस्टर, वर्षभरात तुमची मशीनं किती वेळा बंद पडली?"

"एकदाही नाही," मी म्हणाले. वर मान ताठ केली, मूर्खासारखी.

"मग कसं करायचं? जुनं मशीन बदलायचं तर आमच्या तक्त्यात बंद पडण्याला गुण आहेत. तिथे तुम्हाला शून्य मिळतं."

"मॅडम, ती बंद पडत नाहीत असं नाही. आम्ही पडू देत नाही."

"तेच तर कौतुक आहे," साहेब म्हणाले. "सगळ्यांनी तुमच्या युनिटकडून शिकावं."

आता काय सांगणार? आमच्या युनिटच्या कोपऱ्यात एक मोडीत काढलेलं मशीन आहे. आम्ही त्याला म्हातारबा म्हणतो. कुठलंही मशीन कुरकुरायला लागलं की आमचा टेक्निशियन पाळी बदलायच्या आत म्हातारबाचा एखादा भाग काढून तिकडे बसवतो. पेशंट त्याला जादूगार म्हणतात. पेशंटला दारातून परत पाठवायचं नाही, ही आमची रीत. मीच घालून दिलेली. वॉर्डातल्या नव्या पोरींना मी ती छाती फुगवून सांगते.

वहिनीचं नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. ते घेतलं असतं तर घरच्या माणसासाठी मशीन मागते, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं. मी पाणी प्यायले. रोबो मंजूर झाला.

युनिटमध्ये आले तर खिडकीजवळचं मशीन केकाटत होतं. रक्ताचा पंप अडकला होता. सकाळच्या पाळीचा पेशंट नुकताच सुटला होता, त्यामुळे खाट रिकामी होती. जादूगार स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाला.

"थांब," मी म्हणाले. "हात लावू नकोस. बंदची पाटी लाव."

तो माझ्याकडे बघत राहिला. "पाटी? आपल्याकडे आहे कुठे?"

खरंच नव्हती. हातमोज्यांच्या खोक्याचं झाकण फाडून मी त्यावर मोठ्या अक्षरांत 'बंद' लिहिलं आणि मशीनच्या पडद्यावर चिकटवलं. रागाने म्हणा, नाहीतर थकव्याने. म्हटलं, मिळवू या एकदाचे गुण.

तेवढ्यात त्या खाटेवरच्या, पुढच्या पाळीच्या बाई आल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजूनही आल्या आल्या सगळ्यांची हजेरी घेतात. आज गप्प होत्या. पाय सुजून चपलांत मावत नव्हते, म्हणून चपला हातात धरून चालत आल्या होत्या. जिन्यानेच धाप लागली होती. त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मी बाहेर बसू का, सिस्टर? की घरी जाऊ?"

मी पाटी ओढून काढली.

"काढ म्हातारबाचा पंप," मी जादूगाराला म्हणाले. "त्याच्यातला कामाचा भाग हा शेवटचाच ना?"

"शेवटचा," तो म्हणाला आणि कामाला लागला.

बाईंना सुई लावून होते तोच खिशातला फोन थरथरला. दादा. पन्नाशी उलटली माझी, तरी त्याच्या लेखी मी अजून छकुलीच.

"छकुले, काय ठरलं गं?"

"यंदा नाही, दादा. पुढच्या वर्षी बघू म्हणाले."

"का गं? मशीनं पार खिळखिळी झालीत म्हणत होतीस ना?"

खिडकीजवळचा पंप फिरायला लागला होता. नळीतून रक्त बाहेर निघालं आणि मशीनकडे चढू लागलं. बाईंनी डोळे मिटले.

"नाही रे," मी म्हणाले. "सगळी नीट चालतायत."

"बरं," दादा म्हणाला. "मग निघतो आम्ही. तुझी वहिनी केव्हाची गाडीत बसलीय."