तिसऱ्या अंकातली शिंक

“शिंक आली की शिंकायचं. दाबायची नाही,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

कुजबुजकाकांनी मान डोलावली खरी, पण पंचाईत होती. पडद्याआड बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्यातला निम्मा शिंका दाबण्यात. फक्त तिसऱ्या अंकात, राजा प्राण सोडत असताना, एक हटकून निसटायची. प्रेक्षक हसायचे. कधीकधी मेलेला राजाही हसायचा. हल्ली तर राजा शिंक येऊन गेल्यावरच डोळे मिटायचा.

नाटक कंपनीच्या मॅनेजरने काकांना तपासून घ्यायला धाडलं. हातावर टोचून झालं, रक्त झालं, सगळं स्वच्छ. ॲलर्जी नाही म्हणजे काका मुद्दाम करतात, असा मॅनेजरने निकाल लावला आणि अशा माणसाला कंपनीत जागा नाही म्हणाला. तेही काकांनी गिळलं असतं. पण मघाशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या काकूंनीही हळूच विचारलं होतं, “मुद्दाम नाही ना हो करत?”

आज थेट नाकाचीच झडती होती. काहींची ॲलर्जी नाकातच दडते, हाताला नि रक्ताला पत्ता लागू देत नाही, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. आधी मिठाच्या पाण्याचा फवारा मारला, काही नाही. मग धुळीतल्या बारीक किड्यांच्या अर्काचा. श्वास मोजणारं यंत्र नाकाशी धरून त्या काय चाललंय ते समजावत राहिल्या.

काकांचे डोळे भरून आले, कान लाल झाले, खुर्ची थरथरू लागली. शिंक मात्र येईना. समोर कुणी बोलत असताना शिंकायची त्यांची टाप नव्हती. काकू पर्सचा बंद पिळत होत्या.

“अहो,” त्या शेवटी म्हणाल्या, “इथे कुणी मरत नाहीये. शिंका.”

काका शिंकले. कापसाचे बोळे उडाले, शिपाई दारातून डोकावून गेला, तरी ते शिंकतच होते.

“शिंकेची गरज नव्हती,” चष्मा पुसत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नाक केव्हाच बंद झालंय, यंत्रात दिसतंय. ॲलर्जीच आहे. कामावर जुनं, जाड कापड काही?”

“पडदा,” काका म्हणाले. “राजा मरायला लागला की दोर सोडतात. सगळी धूळ माझ्या डोक्यावरच.”

“मग तिथे बसायचं नाही.”

काकूंनी पदराने त्यांचं नाक पुसलं, सगळ्यांदेखत.

रिपोर्ट वाचून मॅनेजर ओशाळला. त्याने काकांना पहिल्या रांगेतला कायमचा पास दिला, आणि पडद्याआड दुसरा माणूस बसवला.

पुढच्या प्रयोगाला काका काकूंशेजारी बसले. राजाच्या प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. तिसऱ्या अंकात राजा कोसळला, शेवटचं वाक्य बोलला आणि विंगेकडे बघत थांबला.

थिएटर शांत होतं. काकांचं नाक कोरडं होतं.

राजा नाइलाजाने मेला.