कर्ण्यावरचा दादा

फ्रिजचा कारखाना बंद पडला आणि आमचा दादा घरी बसला. वेल्डर माणूस, पण खुर्चीलाच डाग मारल्यासारखा चिकटला. वहिनीनं कोपऱ्यावरच्या बेकरीत काम धरलं. बेकरीवाला परदेशातून आलेला, पण आता गल्लीत पुरता मुरलेला.

त्याच सुमारास कारखान्याच्या ओस पडलेल्या कँटीनमध्ये एका नव्या पक्षानं कार्यालय थाटलं. तिथे गरम चहा मिळे, पाठीवर थाप मिळे आणि ‘तुमची कामं बाहेरच्यांनी पळवली’ हे ऐकायला मिळे. कारखाना मालकानंच स्वस्त पडतं म्हणून दुसरीकडे हलवला, हे दादाला ठाऊक होतं. पण मालक कधी कुणाच्या नजरेस पडला नव्हता. बाहेरचे मात्र रोज समोर दिसत.

निवडणूक लागली. दादाचा आवाज खणखणीत, म्हणून पक्षानं त्याला रोजंदारीवर प्रचाराच्या गाडीत बसवलं. कित्येक महिन्यांनी तो शीळ घालत दाढी करताना दिसला. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका सकाळी गाडी बेकरीसमोर थांबली.

“बाहेरच्यांनो, गाशा गुंडाळा,” कर्णा गरजला. खिडक्या उघडल्या. कोपरापर्यंत पीठ माखलेली वहिनी बाहेर आली.

“अहो, हे बेकरीच्या मालकांनाच, की मलाही?”

“तू आत जा ना,” दादा पुटपुटला. तेही कर्ण्यातून साऱ्या गल्लीनं ऐकलं. हशा पिकला.

“जाते. पण मालक गेले तर उद्या मी कामाला कुठे जाऊ, तेवढं सांगा.”

तेवढ्यात बेकरीवाला डोकावला. “दादा, भट्टीचं दार निखळलंय. तुमचं बोलून झालं की बघता का जरा?”

दादानं माईक सीटवर ठेवला आणि कानकोंडा होऊन आत गेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गाडी हाकली.

पक्षाला संध्याकाळपर्यंत दुसरा आवाज मिळाला. रिकाम्या माणसांना काय तोटा! पक्ष जिंकलाही. बेकरीला गाशा गुंडाळायची नोटीस आली, तेव्हा अख्खी गल्ली सुनावणीला गेली आणि दादा कर्ण्याशिवाय बोलला. निकाल अजून लागायचाय. पाव मात्र रोज भाजले जातात.

बेकरीमागच्या शेडमध्ये दादानं वेल्डिंग सुरू केलंय. परवा कँटीनमधला एक जुना सोबती काम मागायला आला, छातीवर पक्षाचा बिल्ला.

“तो काढ आधी,” दादा म्हणाला, “ठिणग्या उडतात इथे.”

सोबत्यानं बिल्ला खिशात टाकला आणि हातमोजे चढवले.