न पोचलेला कागद

मी एक करंडी. वाळुंजाच्या फोकांची, दोन झाकणांची, एका मुठीची. पोर्तुगालच्या दक्षिणेला, जिथे उन्हाळ्यात ओकची साल सोलून बाटल्यांची बुचं करतात, तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला ओढ्याकाठी बसून विणलं. जत्रेत फेलिस्मिनानं मला उचललं, मूठ दोनदा ओढून पाहिली आणि घरी नेलं. पहिली दोन वर्षं मी अंडी वाहिली, पाव वाहिले, तिच्या तान्ह्या ओदेतचे लंगोट वाहिले. करंडीला याहून मोठं आयुष्य असतं हे मला माहीत नव्हतं.

फेलिस्मिनाचा नवरा आदेलिनू साल सोलणारा मजूर. कुऱ्हाडीचा घाव असा बेतानं घालायचा की साल निघावी पण झाडाला दुखू नये. तिथली रीत म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत राबायचं. आदेलिनू म्हणू लागला, माणसाला आठ तास पुरेत. ओनोरियू पाववाला आणि आणखी दोघं त्याच्या बाजूचे. पावाच्या भट्टीमागं ते चौघं पत्रकं छापायचे, आणि ती माझ्यातूनच, पावांखाली दडून, रानात जायची.

एकोणीसशे त्रेसष्टच्या वसंतात गुप्त पोलिसांनी आदेलिनूला उचललं. एकट्यालाच. बाकीचे कोण हे विचारत त्यांनी त्याला सहा दिवस उभं ठेवलं, झोपू दिलं नाही. त्यानं नावं सांगितली नाहीत. शिक्षा चार वर्षांची झाली.

तेव्हापासून माझी वाट ठरली. महिन्यातून एकदा, आधी बस, मग आगगाडी, मग पुन्हा बस, आणि शेवटी समुद्रात घुसलेल्या खडकावरचा किल्ला, म्हणजे आदेलिनूचा तुरुंग. दारात पहारेकरी मला टेबलावर उपडी करायचे. पाव मधोमध कापायचे, सुके अंजीर एकेक करून फोडायचे, धुतलेल्या सदऱ्याची कॉलर उसवून बघायचे. घरून निघतानाच फेलिस्मिना सुईदोरा बरोबर घ्यायची आणि तिथेच उभ्याउभ्या कॉलर पुन्हा शिवून द्यायची.

भेट काचेआडून. ओदेतला बाप म्हणजे काचेपलीकडचा एक माणूस एवढंच ठाऊक होतं. एकदा तिनं आईला विचारलं की याला पाय आहेत का. तिला तो फक्त कमरेपासून वर दिसायचा.

चार वर्षं संपली. मग कळलं, हा माणूस अजून धोक्याचा आहे, म्हणून आणखी तीन. त्या तीन वर्षांच्या शेवटी तसंच पुन्हा होणार हे भेटीला येणाऱ्या सगळ्या बायका जाणून होत्या.

सत्तर सालच्या जानेवारीत आदेलिनूची आई, गेर्त्रुदेस, अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत दिली. त्याच आठवड्यात गुप्त पोलिसांच्या तालुक्यातल्या कचेरीत फेलिस्मिनाला बोलावणं आलं. तिथला अधिकारी गोड बोलला. तिला बसायला सांगितलं नाही, पण बोलला गोड.

"फेलिस्मिनाबाई, तुमच्या सासूबाईंचं कळलं, वाईट वाटलं. हा कागद घेऊन जा. झालं गेलं त्याचा पश्चात्ताप आहे असं लिहिलंय. खाली बरोबरच्या लोकांची नावं घालायची आणि सही. पुढच्या महिन्यात तो आईच्या उशाशी असेल. आमचं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

तिनं कागद घेतला आणि माझ्या तळाशी, कापडाखाली ठेवला. घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. गेर्त्रुदेसनं तिचा हात धरला.

"त्याला म्हणावं, मला एकदा तोंड दाखव. मग काय व्हायचं ते होऊ दे."

फेलिस्मिना कागद द्यायचाच म्हणून निघाली होती, हे मी शपथेवर सांगते. वाटेत तिनं तीनदा हात घालून तो चाचपला. पण निघण्याआधी ती पावासाठी ओनोरियूकडे थांबली होती. दुकानात त्याची चार पोरं पिठानं पांढरी होऊन दंगा करत होती. ओनोरियूनं नेहमीसारखा एक पाव जास्त टाकला आणि म्हणाला, "हा आदेलिनूला. सांग, भट्टी चालू आहे." सात वर्षं तो दर महिन्याला हेच म्हणत होता.

किल्ल्याच्या दारात पहारेकऱ्यांनी कागद पाहिला आणि मुकाट्यानं परत कापडाखाली सारला. त्यांना माहीतच होतं. काचेपलीकडे आदेलिनू येऊन बसला. खोकत होता, गालाची हाडं वर आली होती. आईचं विचारलं. फेलिस्मिना म्हणाली, जरा थकल्यात. अर्धा तास तिनं दारातल्या लिंबाच्या झाडाबद्दल सांगितलं, ओदेतच्या शाळेबद्दल सांगितलं. मी तिच्या मांडीवर होते. तिचे दोन्ही हात माझ्या झाकणांवर होते, आणि तिनं ती उघडली नाहीत.

घरी आल्यावर तिनं कागद चुलीत घातला. मग सासूच्या खाटेपाशी जाऊन, डोळ्याला डोळा न देता म्हणाली, "आई, तो नाही म्हणाला."

गेर्त्रुदेसनं तोंड भिंतीकडे वळवलं. "बापावर गेलाय," एवढंच बोलली. त्यानंतर तिनं मुलाचं नाव काढलं नाही. मार्चमध्ये गेली.

आदेलिनू आणखी चार वर्षं आत राहिला.

मग चौऱ्याहत्तरचा पंचवीस एप्रिल उजाडला. राजधानीत सैनिकच सरकारविरुद्ध उठले, लोकांनी त्यांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुलं खोवली, आणि दोन दिवसांत किल्ल्याची दारं उघडली. आदेलिनू बाहेर आला तेव्हा फेलिस्मिनानं मला हातातून जमिनीवर टाकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. ओदेत चौदा वर्षांची झाली होती. तिनं बापाशी हात मिळवला आणि विचारलं, "तुमचा प्रवास बरा झाला ना?" ते 'तुमचा' ऐकून आदेलिनूनं मान खाली घातली.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशानं सुट्टी पाळली आणि त्याच दिवशी पहिलं खरं मतदान ठेवलं. फेलिस्मिना बेचाळीस वर्षांची, तिनं जन्मात मत दिलं नव्हतं. शाळेबाहेर रांग चर्चपर्यंत गेली होती. बायकांनी ठेवणीतले कपडे घातले होते, छातीवर लाल फुलं. वेळ लागणार म्हणून तिनं माझ्यात पाव, चीज आणि पाण्याची बाटली घेतली होती. पुढे चार माणसं सोडून ओनोरियू उभा होता, थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून, आणि कुणाच्या तरी गोष्टीवर पोट धरून हसत होता.

कदाचित त्या हसण्यामुळेच असेल. फेलिस्मिनानं हळू आवाजात नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. अधिकारी, कागद, चूल, आणि आईला काय सांगितलं तेही.

आदेलिनू रांगेबरोबर दोन पावलं पुढे सरकला.

"कुठल्या महिन्यात?"

"जानेवारी. सत्तर."

"त्या हिवाळ्यात मी संपलो होतो, मिना," तो म्हणाला. "तू कागद दिला असतास तर मी सही केली असती."

"आणि नावं?"

त्यानं ओनोरियूच्या पाठीकडे पाहिलं. "नावंही."

ती म्हणाली, "तुला विचारायला हवं होतं मी. आई तुझी होती. वर्षंही तुझीच होती."

रांग पुढे जात राहिली. दोघांनी आत जाऊन आपापल्या कागदावर फुली मारली. घरी गेल्यावर त्यानं आपलं अंथरूण मागच्या खोलीत, कुऱ्हाडी ठेवायच्या जागी घातलं. मे महिना तिथेच काढला. साल सोलायचा हंगाम सुरू झाला तरी दोघांत मीठ दे, दार लाव, याखेरीज शब्द नव्हता. फेलिस्मिना रोज त्याचा डबा माझ्यात भरून रानात नेई, झाडाखाली ठेवी आणि परत येई. मला वाटलं, काच अजून निघालेली नाही.

जूनमधल्या एका रविवारी तो अंगणात आला, मला उचललं, माझ्यात फुलं घातली आणि म्हणाला, "चल."

दफनभूमी गावाबाहेरच्या टेकडावर आहे. गेर्त्रुदेसच्या थडग्यावर वाळलेलं गवत होतं. त्यानं ते हातानं उपटलं, माझ्यातली फुलं काढून ठेवली, टोपी काढली. फेलिस्मिना मागे, दोन हात अंतरावर. तो मोठ्यानं बोलला, तिला ऐकू जावं म्हणूनच.

"आई, मिनानं तुला खरं तेच सांगितलं. 'नाही' मीच म्हणालो होतो."

फेलिस्मिना तिथेच, त्या धुळीत बसली. अकरा वर्षं किल्ल्याच्या दारात ताठ उभी राहिलेली बाई. तो तिच्या शेजारी बसला. घरी जाताना माझी मूठ दोघांच्या हातात होती.

आता ती दोघंही त्याच टेकडावर आहेत. मी ओदेतच्या घरी, शहरात, तिसऱ्या मजल्यावर. माझी मूठ निळ्या तारेनं बांधली आहे, तळाचे फोक मोडले आहेत, बटाट्यांपलीकडचं वजन मला पेलत नाही. एखाद्या हिवाळ्यात माझाही जाळ होईल. त्याला माझी तक्रार नाही.

दर पंचवीस एप्रिलला खालून मिरवणूक जाते. गावात आदेलिनूच्या नावाची गल्ली आहे, आणि भाषणात सांगतात की हा माणूस कधी वाकला नाही. खोटं नाही ते. पण तो एकटाच ताठ राहिला असं नाही.

तुमच्याही देशात असा एखादा सुट्टीचा दिवस असेल. झेंड्याला सलाम करून घरी याल, तेव्हा एवढं करा. ज्यांची नावं गल्ल्यांना दिली आहेत त्यांच्या स्वयंपाकघरात जा. तिथे एखादी म्हातारी असेल. तिला काय झालं ते विचारा, पण आधी बसायला खुर्ची द्या. फार वर्षं ती उभीच आहे.