कामिनीनं न ओळखलेला डबा

परतीचा पाऊस दोन दिवसांपासून तोरणमाळवर ठिय्या देऊन बसला होता. अशा दिवशी शहाण्या बायका घरात भजी तळतात. रुपा आणि कामिनी मात्र शहाद्याहून एसटीनं डोंगरावर आल्या, पोरांचे जुने बूट घालून उतरल्या आणि तलावाच्या कडेनं सीताखाईच्या वाटेला लागल्या. रुपाच्या पिशवीत भाकरी होत्या, मिरचीचा ठेचा होता, आणि फडक्यात बांधलेला स्टीलचा एक डबा होता. त्या डब्यापायी तिला रात्रभर झोप नव्हती.

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. रुपा पाटलांची, नवरा पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यात. कामिनी तापीकाठच्या गुजरांची, घरी केळी आणि ऊस. लग्नं झाली, पोरं झाली, तरी कोजागिरीच्या आधी एक दिवस डोंगरात पायी फिरायचं हा नेम तीस वर्षं चुकला नव्हता. त्या दिवशी लहानपणीच्या गुलाबाईच्या खेळासारखा डबाही ओळखायचा. गुलाबाईची गाणी संपली की पोरी झाकलेला डबा कानाशी वाजवून आत खाऊ कुठला ते सांगत. त्याशिवाय झाकण उघडत नसे. कामिनी आजवर त्यात हरली नव्हती. एकदा तर शंकरपाळे कुठल्या तेलात तळलेत तेही तिनं डबा हलवून सांगितलं होतं, असं ती स्वतःच सांगते.

यंदा रुपानं डब्यात गोळधाणा भरला होता, म्हणजे गुळाचे खडे आणि धने. कामिनीकडे सोयरीक पक्की झाली की तोच वाटतात. रुपाच्या कुंदनचं कामिनीच्या स्वप्नालीवर मन बसलं होतं आणि तिचं त्याच्यावर. दोघं घरून ये-जा करून नंदुरबारला नोकरी करणारी, चांगली शिकलीसवरलेली, पण घरी सांगायची वेळ आली तेव्हा दोघांनी हे घोंगडं रुपाच्या गळ्यात घातलं. ‘मावशी, मायले तूच सांग,’ असं म्हणून स्वप्नाली मोकळी झाली.

पाटलांनी जातीबाहेर जाऊन गुजरांची मुलगी मागायची, आणि तीही जिवाच्या मैत्रिणीची! कामिनी बिथरली तर? कुंदन चार महिने तोंड पाडून बसेल, ते रुपा निभावून नेईल. पण कामिनी तुटली तर दुसरी कामिनी कुठून आणायची? तोंडानं मागायची रुपाची छाती नव्हती. म्हणून तिनं ही शक्कल लढवली होती. कामिनी डबा वाजवील, चटकन ओळखील आणि पुढचं तिचं तिलाच कळेल.

“आन व डबा,” तलाव मागे पडल्यावर कामिनी म्हणाली. तिनं छत्री मानेत अडकवली, डबा कानाशी धरून हलवला. आत धने खुळखुळले, गुळाचे खडे खडखडले. “गोड का तिखट?”

“गोड,” रुपा म्हणाली. तिचं काळीज डब्यापेक्षा जास्त वाजत होतं.

“रेवड्या?”

“नही.”

“मुरमुरास्ना लाडू?”

“नही व माय.”

“ऱ्हाऊ दे, फुढे देखसूत,” म्हणत कामिनी डबा काखेत मारून चालू लागली.

गुजरांच्या घरातली पाच वर्षांची पोरही हा आवाज डोळे मिटून ओळखेल. पुढच्या अर्ध्या तासात कामिनीनं फुटाणे म्हणून पाहिलं, बत्तासे म्हणून पाहिलं, एकदा तर साबुदाणासुद्धा म्हणाली. साबुदाणा कोणी कोरडा खातं का? हिला कळलंय, रुपाच्या मनानं घेतलं, आणि नाही म्हणायला नको म्हणून ही वेड पांघरून पेडगावला चालली आहे.

पावसाचा जोर वाढला तशा दोघी वाटेवरच्या ताडपत्रीखाली शिरल्या. तिथं कमलीबाई नावाची पावरा आदिवासी बाई कणसं भाजत होती. कामिनीनं दोन कणसं घेतली आणि डबा तिच्या हातात दिला. “हाई ओळखा बरं, बाई.”

कमलीबाईनं डबा एकदाच हलवला. “बियाणं आहे,” ती म्हणाली.

“आते कोन पेरस बियानं?” कामिनी हसली. “पेरनीना दिन गयात.”

झालं! रुपानं अर्धं कणीस तसंच ठेवून दिलं. याहून स्वच्छ नकार तो काय असतो, असं तिला वाटलं, आणि पुढची वाट ती खाली मान घालून चालली. कामिनी मात्र रानफुलं दाखवत होती, माकडांना नावं ठेवत होती.

खाईच्या कडेला पोचल्या तर समोर नुसतं धुकं. खाई नाही, झाडं नाहीत, काही नाही. “इतला दूर धुकं देखाले उनूत का व आपू?” कामिनी म्हणाली आणि डबा तिनं रुपाच्या हाती दिला. रुपा वळली, तिचा बूट शेवाळावरून सरकला आणि ती पाठीवर आपटून उतारानं हातभर घसरत गेली. चिखलात पडली तरी डबा तिनं दोन्ही हातांनी वर धरला होता. ते पाहून कामिनी इतकी हसली, इतकी हसली की तीही तिथंच चिखलात फतकल मारून बसली.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “मी हारनू.”

“काय?”

“हारनू म्हनस ना मी. आते डबामा काय शे, ते तू सांग.”

हरलेलीला डबेवालीनं तोंडानं सांगायचं, हा गुलाबाईचा नेमच होता. इतक्या वर्षांत रुपावर ती पाळी आली नव्हती, म्हणून तो तिच्या ध्यानातही राहिला नव्हता. तिनं एकदा धुक्याकडे पाहिलं. तिथून मदत येण्यासारखी नव्हती.

“गोळधाणा,” ती म्हणाली, आणि मग थांबवता येईना. “मन्हा कुंदनकरता तुन्ही स्वप्नाली मांगाले उनू मी. तू नही म्हन, राग कर, पन मन्हासंगे बोलनं बंद नको करू व कामिनी.” पावसात रडलेलं दिसत नाही म्हणतात; रुपाचं चांगलं दिसत होतं.

“पहिल्या खेपलेच वळखी लिधं व्हतं मी,” कामिनी म्हणाली. “पोर दोन महिनापासून फोन लिसन गच्चीवर जास, मले काय कळत नही? पन डबा वाजाडीसन कोनी पोर मांगस का? मन्ही पोर शे ती. तुन्हा तोंडना एक शब्द तं पाहिजे का नही?”

तिनं झाकण उघडलं. गुळाचा एक खडा रुपाच्या तोंडात घातला, चिमूटभर धने आपल्या तोंडात टाकले आणि ओला हात पुढे केला.

“ऊठ, इहीनबाई,” मैत्रिणीला विहीण करून टाकत ती म्हणाली. “चिखलमा बसेल इहीन मी मन्हा घरनास्ले कशी दखाडू?”