हैबतराव कमी येऊ लागले

दशक्रियेसाठी हैबतरावांचा जो फोटो मोठा करून आणला, तो बघून गोजराबाईंनी पहिला प्रश्न केला, "ह्ये कोन पावणं?"

फोटोवाल्याने मुलाच्या, निरंजनच्या, लग्नातल्या घोळक्यातून हैबतरावांचं डोकं तेवढं उचललं होतं आणि खाली काळा कोट चिकटवला होता. वर टायसुद्धा. जन्मात कधी सदऱ्याचं वरचं बटण न लावलेला माणूस मेल्यावर एकदम बँकेतला साहेब झाला. भरे या त्यांच्या सगळ्या गावाने त्या साहेबाला हार घातले. गोजराबाईंनीही घातला, कारण घालणं भाग होतं. पण मन काही त्या कोटात रमेना. घरात दुसरा धड फोटो नव्हता. हैबतराव कॅमेऱ्यासमोर कधी स्वस्थ उभेच राहिले नाहीत. जे काही होते ते निरंजनने येताजाता फोनवर टिपलेले, आणि फोन निरंजनच्या खिशात. निरंजन हिंजवडीत नोकरीला आणि राहायला नांद्याला. अंतर म्हणाल तर दुपारचं जेवण करून जाऊन चहाला परत यावं एवढं, पण तो महिन्यातून एकदा यायचा.

दिवाळीत सुनेने, दिशाने, आपला जुना टॅब आणला. पहिली दिवाळी दुखवट्याची, म्हणून घरात ना कंदील ना करंजी. बाहेरच्या खोलीत निरंजनच्या शाळेच्या वेळचं टेबल होतं, त्यावर तिने तो टॅब उभा केला आणि तारेला जोडून दिला.

"आई, निरंजनच्या फोनमधले सगळे फोटो यात आपोआप येत राहतील. एक दिसेल, थोड्या वेळाने दुसरा."

"येवढ्याशा पाटीत मावलं व्हय समदं?"

"यात नसतात ते. वर क्लाउडमध्ये साठवलेले असतात, तिथून येतात. तुम्ही काही करायचं नाही. मधूनच एखादी चिठ्ठी आली आणि काही विचारलं, तर निळ्या बटणावर बोट ठेवायचं. म्हणजे पुन्हा सुरू."

ही दिशा बोलायला तुटक, वागायला कोरडी, असं गोजराबाईंचं पहिल्यापासूनचं मत. गोठ्याकडे जाताना ती नाकाला ओढणी लावायची, ते त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बघून ठेवलं होतं. पण त्या दिवशी सुनेने फार मोठं काम केलं. दिवस पाडव्याचा होता. बायकोने नवऱ्याला ओवाळायचा दिवस. गोजराबाई टेबलासमोर बसून होत्या. आधी कुठल्या तरी हॉटेलातली ताटं आली, मग निरंजनच्या ऑफिसातला केक, मग गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून काढलेला खांब. आणि मग एकदम हैबतराव आले.

लावणीच्या दिवसांतले. बांधावर उभे, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात भाताच्या रोपांची जुडी, आणि तोंडभर हसत असलेले. गोजराबाईंना पक्कं आठवत होतं ते का हसत होते. त्या दिवशी त्या स्वतः खाचरात सपशेल आडव्या झाल्या होत्या आणि हा माणूस हात द्यायचं सोडून खिदळत बसला होता. निरंजनने नेमका तेव्हाच फोटो काढला. गोजराबाई तेव्हा आठ दिवस नवऱ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी देव्हाऱ्यातली गंधाची वाटी आणली, करंगळीशेजारच्या बोटाने फोटोतल्या हैबतरावांच्या कपाळावर गंध लावलं, आणि काचेच्या खालच्या कडेला, त्या चिखलाने भरलेल्या पायांवर, दोन्ही हात टेकवून पाया पडल्या. पाडव्याला ओवाळल्यावर त्या नेहमी पडायच्या तशाच. डोकं वर केलं तर एक चिठ्ठी आली होती. इंग्रजीत होती. त्यांनी निळ्या बटणावर बोट ठेवलं. फोटो सरकला, दुसरं काहीतरी आलं. पदराने काच पुसून त्या उठल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना त्या दिवशी जेवण गेलं.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. आंघोळ, देवपूजा, आणि मग गंधाची वाटी घेऊन टेबलासमोर. हैबतराव कधी लगेच यायचे, कधी तासभर वाट बघायला लावायचे. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई म्हंत्यात," गोजराबाई टॅबला सांगायच्या, "तुमची तर मेल्यावरबी जाईना." त्यांचा एक नियम होता. ज्या फोटोत ते समोर तोंड करून, डोक्यापासून पायापर्यंत पुरते असतील, त्याच फोटोची पूजा. पाठमोऱ्या माणसाला गंध कुठे लावणार? आणि कमरेपर्यंतच्या माणसाच्या पाया कसं पडणार? तसला आला तर त्या नुसत्या बघायच्या आणि पुढच्याची वाट पाहायच्या. कपाळाला बोट लागलं की फोटो थांबायचा आणि खाली बारीक बारीक चित्रं उगवायची. पायांना हात लावला की चिठ्ठी यायची. चिठ्ठीला निळं बटण. गोजराबाईंना वाटायचं, या यंत्राची पूजा अशीच असते.

होळीच्या सुमाराला त्यांच्या ध्यानात आलं की हैबतराव कमी येऊ लागलेत. ताटं येत होती, केक येत होते, खांब तर इतके यायचे की गोजराबाईंना ते तोंडपाठ झाले. पण बैलाजवळचे हैबतराव येईनात. ओट्यावर नातवंडासारखं कोकरू घेऊन उभे असलेले येईनात. आणि बांधावरचे हसरे, ते तर पाडव्यानंतर एकदाही आले नाहीत.

कुणाला विचारणार? विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारीला चळ लागला. त्यांनी आपल्या मनाशीच कारण शोधलं, आणि माणसाने शोधलं की कारण सापडतंच. यंदा खाचरात भात लावायचं नाही, जमीन फुलझाडांच्या नर्सरीवाल्याला द्यायची, हे त्यांनी संक्रांतीला निरंजनच्या म्हणण्यावरून कबूल केलं होतं. हैबतरावांना हे जिवंतपणी कधी चाललं नसतं. म्हणजे रुसले. जिवंत असताना रुसले की गोठ्यात जाऊन बसायचे, आता वर जाऊन बसले असतील.

"आवं, माझ्यानं हुतंय का आता लावणी?" त्या रोज टॅबसमोर हात जोडायच्या. "एकट्या बाईनं काय करावं? चुकलं म्हना. पन या." आणि एखाद्या दिवशी ते आलेच, तर दुप्पट भक्तीने गंध लावायच्या आणि जरा जास्तच वेळ पायांवर हात ठेवायच्या. मग ते पुन्हा कधी दिसायचे नाहीत.

होळीनंतर महिनाभराने, वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा शनिवारी संध्याकाळी निरंजन आणि दिशा मुक्कामाला आले. जेवणं झाल्यावर गोजराबाईंनी मनातली गोष्ट काढली.

"निरंजना, त्यो कोटवाला काढून टाक बाबा. वरीस झालं, त्या परक्या मानसाला हार घालतिया. बांधावरचा फोटू हाय न्हवं तुज्याकडं? हसत्यात त्यो. त्यो मोठा करून आन. श्राद्धाला त्योच ठिवू."

"एवढंच ना," म्हणत निरंजनने फोन उघडला. बोट वरखाली करत राहिला. आधी सहज, मग भराभर. मग त्याने चष्मा लावला. आबांचे फोटो म्हणून जे निघाले ते पाठमोरे, अर्धे, खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेले, जेवताना मान खाली घातलेले. उभा, पुरता, समोर बघणारा एकही नाही. वर्षभरात त्याने वडिलांचे फोटो एकदाही उघडून बघितले नव्हते, हे त्याच्या त्याच क्षणी लक्षात आलं असणार. कारण त्याला जो राग आला तो साधा नव्हता, आणि स्वतःवर काढता येत नाही तो राग माणूस बायकोवर काढतो.

"जागा भरली म्हणून मेसेज येत होते, तेव्हा तू साफसफाई केली होतीस ना?"

"मी बिलं काढली फक्त," दिशा म्हणाली. "बिलं आणि दोन-दोनदा आलेले फोटो."

"मग आबा कुठं गेले?"

"निरंजन, शपथ घेऊन सांगते, आबांच्या एकाही फोटोला मी हात लावलेला नाही."

गोजराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. होळीपासून जे कोडं छातीवर बसलं होतं ते एका झटक्यात सुटलं. म्हणजे ते रुसले नव्हते. त्यांना घालवलं होतं. आणि मग तोंडाचा जो पट्टा सुटला तो त्यांनाही आवरला नाही.

"तुला त्येंच्या अंगाचा शेनामातीचा वास कदी सोसला न्हाई. जित्तेपनी नाकाला फडकं लावलंस. आता काचंमागं गेलं तरीबी सोसंना व्हय गं तुला?"

दिशाने आपलं ताट उचललं आणि मोरीकडे गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

निरंजनने फोनमधली कचरापेटी उघडली. काढून टाकलेले फोटो तिथे साठ दिवस राहतात, त्यानंतर कायमचे जातात. पाच फोटो मिळाले. ते त्याने परत जागेवर घातले. आईला शेजारी बसवून दाखवलंही. "ही खाली कोपऱ्यात बादलीसारखी खूण दिसतीय ना, हिला बोट लागलं की विचारतंय, काढू का म्हणून. निळं बटण दाबलं की गेला. एकीकडनं गेला की सगळीकडनं जातोय. बांधावरचा साठ दिवसांच्या आधीच गेलाय, आई. तो न्हाई आता मिळायचा." बैल गेला नि झोपा केला, अशातली गत. गोजराबाई मान डोलवत होत्या. त्यांचं लक्ष मोरीकडे होतं, आणि तिथल्या बाईविषयी त्यांच्या मनात जे चाललं होतं ते चांगलं नव्हतं.

सकाळी निरंजन झोपलेला असतानाच गोजराबाई आंघोळ करून टेबलासमोर बसल्या. परत मिळालेल्या पाचांतले एक लवकरच आले. बैलाजवळ उभे, हातात कासरा, समोर बघताहेत. गोजराबाईंना भरून आलं. त्यांनी गंध लावलं. खाली वाकून दोन्ही हात पायांवर टेकवले. चिठ्ठी आली. सवयीने बोट निळ्या बटणावर गेलं आणि हैबतराव सरकले.

मागे काहीतरी खणखणलं. दिशा चहाचे कप घेऊन दारात उभी होती, एक कप कलंडून बशीत आडवा झाला होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गोजराबाईंनी असला चेहरा एकदाच बघितला होता. गेल्या वर्षी दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि सगळ्यांच्या आधी दिशाला कळलं होतं, तेव्हा.

ती पुढे आली, कप टेबलावर ठेवले आणि अगदी हळू म्हणाली, "आई, उद्यापासून लांबूनच हात जोडा हं. काचेला ओलं लागलं की टॅब बिघडतो."

तेवढ्यात निरंजन डोळे चोळत बाहेर आला. दिशाने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "काल रात्री आठवलं मला. बिलं काढताना माझ्याकडूनच गेले असणार ते. घाईत होते. चूक माझीच आहे."

"काल तर शपथा घेत होतीस."

"काल आठवलं नव्हतं."

निरंजन तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी लागेलसं बोलायला त्याने तोंड उघडलंही. आणि गोजराबाईंना कळेना की रात्री एवढी ठाम असलेली पोर सकाळी अशी मान का खाली घालतेय. त्या टॅबकडे बघायला लागल्या. समोर एक खांब आला होता. त्यांनी बोट उचललं आणि खांबाला मधोमध लावलं. खांब थांबला. खाली बारीक चित्रं उगवली. कोपऱ्यात बादलीसारखी खूण होती. रोज जिथे पाय असायचे तिथे.

गोजराबाईंनी बोट मागे घेतलं.

"तिला काय बोलू नगं," त्या म्हणाल्या.

"आई, राहू दे ना," दिशा घाईने म्हणाली. "झालं ते झालं."

"तू गप. खोटं बोलाया येत न्हाई तुला." त्यांनी निरंजनकडे तोंड वळवलं. "हिनं न्हाई रं. म्या घालवलं त्यास्नी. रोज गंध लावलं आन् रोज पाया पडलं. पाया पडून पडून घालवलं बग त्यास्नी. जे लई आवडायचं ते पयलं."

निरंजनला काही कळलं नाही. दिशाला सगळं कळत होतं. ती सासूच्या शेजारी खाली बसली. गोजराबाईंना तिची माफी मागायची होती, पण पंचाहत्तरीला आलेल्या बाईला सुनेची माफी मागायचे शब्द कुणी शिकवलेले नसतात. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. बोटाचं गंध दिशाच्या मनगटाला लागलं. मग त्या रडल्या, तिच्या खांद्याला डोकं लावून, मोठ्याने. नवऱ्याला तिरडीवर ठेवला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

खांब सरकला. ताटं आली. मग हैबतराव आले, उरलेल्या चारांतले. ओट्यावर उभे, कोकरू पोटाशी धरून, नेमके समोर बघत. दिशाने गोजराबाईंचा हात सोडला. गोजराबाई वाकायला गेल्या आणि मध्येच थांबल्या, दोन्ही हात हवेत तसेच. पायांपर्यंत वीतभराचंही अंतर नव्हतं. त्यांनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवले आणि ते जाईपर्यंत नुसत्या बघत राहिल्या.